फिरंगेची पारख

भाट्याच्या खाडीकाठी एखाद्या घरात जुनी तलवार निघाली आणि पात्यावर रोमन अक्षरे दिसली, की ती पोर्तुगीज ठरवून मोकळे होणे, यास परीक्षा म्हणवत नाही. टोलेडोच्या कारागिरांची नावे जर्मनीतील झोलिंगेनचे लोहार आपल्या पात्यांवर खुशाल ठोकीत. पासाऊचा धावता लांडगाही त्यांनी उचलला. ठसा हा साक्षीदार खरा, पण त्याची उलटतपासणी नको काय? पात्याचा आकार, त्यावरील खाचा, मुठीचा सांधा पाहावा. मूठ तर बहुधा एतद्देशीयच! परकी पाते, घरची मूठ. हीच आमच्या पूर्वजांची ‘फिरंग’. १८७५ साली कोल्हापुराहून इंग्लंडच्या युवराजास नजर झालेल्या तलवारीचे पातेही युरोपीयच. त्यात कमीपणा कसला? ते राहिले बाजूला, आणि खंडेनवमीस पाते घासघासून आम्ही तो साक्षीदारच नाहीसा करतो.