पाहुणा आला, भेट झाली नाही

घोडबंदर रस्त्यालगतच्या चेण्यात, नदीकाठी एका झाडाखाली, रविवारच्या दुपारी माझा भाचा मोबाइलवर खेळत बसला होता. पाठीमागे राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, समोर संथ पाणी. त्याचे लक्ष दोहोंकडेही नव्हते. त्याच्या खेळात दुसऱ्याच कुठल्या कथेतला एक पाहुणा आला होता. मी विचारले, "हा इथे येऊन करतो काय?" भाचा म्हणाला, "काही नाही मामा, आपण त्याचे कपडे घालायचे." "आणि तो गेल्यावर?" "गेला की गेला!" त्या "गेला की गेला"ने मला हा लेख लिहावयास भाग पाडले.

ज्यांना या विषयाचा गंध नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा. मूळ खेळ घेऊन झाल्यावर वरून घ्यावयाचा जादा अध्याय म्हणजे एक्स्पान्शन. दोन स्वतंत्र खेळांतली वा कथांतली पात्रे एकत्र आणणे म्हणजे क्रॉसओव्हर. या दोहोंचा संकर सध्या फार बोकाळला आहे, आणि त्याविषयी आपल्याकडे दोनच प्रकारचे बोलणे ऐकू येते. आमच्या स्टाफरूममधले ज्येष्ठ म्हणतात, ही सारी पोरांना बिघडवणारी थेरे. साहित्याच्या माणसाने त्यात नाक खुपसू नये. दुसरीकडचे उत्साही म्हणतात, परदेशी खेळात भारतीय चेहरा आला, आता आणखी काय हवे? माझे म्हणणे असे की, दोघांनीही खेळ पाहिलेला नाही. दोघांनी फक्त वेश पाहिला आहे.

ज्येष्ठांना आधी आठवण करून द्यावीशी वाटते की, क्रॉसओव्हर ही आपल्या परंपरेची घरचीच गोष्ट आहे. वनपर्वात सौगंधिक कमळांच्या शोधात निघालेल्या भीमाच्या वाटेत एक म्हातारा वानर शेपूट पसरून पडलेला असतो. ती शेपूट भीमाला हलवत नाही. रामकथेतला हनुमान महाभारतात येतो तो असा. या भेटीने भीमाचा गर्व उतरतो, आणि हनुमानही तेथून रिकामा जात नाही: पुढे अर्जुनाच्या ध्वजावर बसण्याचे वचन देऊन जातो. एका कथेतला पाहुणा दुसऱ्या कथेच्या रणांगणापर्यंत पोचतो. भेट म्हणतात ती याला.

एकनाथांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, म्हणजे आगंतुक ओव्यांना बाहेरची वाट दाखवली. प्रक्षेपाचा एवढा कडवा विरोधक आपल्या वाङ्मयात दुसरा दाखवता येणार नाही. पण त्याच एकनाथांनी भारुडांतून वासुदेव, जोशी, गोंधळी यांना परमार्थाच्या अंगणात आणून उभे केले. दारावर पहारा देणारा आणि दार उघडणारा माणूस एकच होता, कारण कोणता पाहुणा घराला काही देणार आणि कोणता नुसताच जागा अडवणार, हे त्याला कळत होते. हा विवेक आज आपण हरवून बसलो आहोत.

आता उत्साही मंडळींकडे वळू. २०२० साली 'फ्री फायर' या खेळात हृतिक रोशनवर बेतलेले 'जय' नावाचे पात्र आले. त्याचा खास गुण कोणता? शत्रू कोसळला की बंदुकीची मॅगझीन काही प्रमाणात आपोआप भरते. ज्या नटाची ओळख नृत्याने झाली, त्याच्या अंगी बंदूक भरण्याची कला! २०२५ साली महिंद्राची बीई ६ ही विजेवर चालणारी गाडी 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया'त अवतरली. चाकणला तयार होणारी गाडी खेळातल्या रणभूमीवर धावू लागली, याचा अभिमान वाटणाऱ्यांचा मला हेवा वाटतो. गाडी आल्याने त्या रणभूमीच्या गोष्टीत काय बदलले? ती गेल्याने काय उणे झाले? याला फार तर जाहिरात म्हणावे. जाहिरात करणे हा गुन्हा नव्हे. पण तिला आपल्या संस्कृतीचा दिग्विजय म्हणणे ही फसगत आहे.

हे माध्यमच उथळ आहे, असा यावरून कोणी निष्कर्ष काढील, तर तोही मला मान्य नाही. 'डेड सेल्स' हा फ्रान्समधला मारधाडीचा खेळ. त्याचा नायक शिर नसलेले धड. मेला की पुन्हा पहिल्या कोठडीपासून सुरुवात. २०२३ च्या मार्चमध्ये त्याला 'रिटर्न टू कॅसलवेनिया' हा अध्याय जोडला गेला. 'कॅसलवेनिया' ही कोनामी कंपनीची १९८६ पासूनची जपानी खेळमालिका, आणि 'डेड सेल्स' ज्या जातकुळीचा, त्या जातकुळीच्या नावातच 'वेनिया' आहे. म्हणजे लेक माहेरी गेली! नव्या अध्यायात अलुकार्ड हे जुने पात्र नायकाकडे मदत मागते. नायक ड्रॅक्युलाच्या वाड्यात शिरतो. तिथला चाबूक त्याच्या हाती येतो, पण मरणाचा नियम मात्र नायकाच्याच घरचा राहतो. जुन्या वाड्यात नव्या पद्धतीने मरावे लागते, म्हणून वाडाही नवा दिसतो. हाही धंदाच, हाही पैसे घेऊनच. पण पैशाच्या बदल्यात कपडे न देता भेट दिली.

आपल्याला हे जमणार नाही, असेही नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली 'राजी: ॲन एन्शंट एपिक' काढला. सर्कशीतली पोर राजी आपल्या हरवलेल्या भावाला, गोलूला, शोधत दैत्यांशी लढते. दुर्गेचा त्रिशूळ हाती आला तरी तिची लढण्याची रीत सर्कशीतलीच राहते: भिंतीवरून धावणे, खांबाभोवती गिरकी घेणे. लोकांतली पोर पुराणात शिरते आणि आपली कसरत सोबत नेते. हा जादा अध्याय नव्हे, स्वतंत्र खेळ आहे. पण दोन जगांची गाठ कशी घालावी हे इथल्या माणसांना ठाऊक असल्याचा तो पुरावा आहे.

माझी भीती पुढची आहे. उद्या आपल्याच पुराणांतली पात्रे पंधरा दिवसांच्या मुदतीवर कपडे म्हणून विकायला येतील. तेव्हा भावना दुखावलेल्यांचे मोर्चे निघतील आणि तेही कपड्यांकडेच बोट दाखवतील. हनुमानाला शेपूट हलवायला सांगणारा भीम त्या खेळात आहे की नाही, हे कोणी विचारणार नाही. ते विचारण्याचे काम समीक्षेचे आहे, आणि समीक्षा स्टाफरूममध्ये चहा पीत बसली आहे.

कादंबरीवर चार पाने लिहिताना आपण पात्रांचे प्रयोजन विचारतो. तोच प्रश्न या खेळांना विचारायला वेगळ्या पदवीची गरज नाही. माझा भाचा बारा वर्षांचा आहे. "तो इथे येऊन करतो काय?" याचे उत्तर त्याने क्षणात आणि प्रामाणिकपणे दिले. प्रश्न मात्र त्याला आजवर कोणी विचारलाच नव्हता.