मदतनीस परतल्यानंतर : उत्तर प्रदेशातील प्रसूतिकक्षांचा धडा

दशहरी आंब्यासाठी प्रसिद्ध असलेले मलिहाबाद लखनऊपासून सुमारे २५ किलोमीटरवर आहे. येथील सामुदायिक आरोग्य केंद्रात प्रसूतीच्या वेळी गुंतागुंत उद्भवल्यास रुग्णेला राजधानीतील मोठ्या रुग्णालयात हलविता येते. उत्तर प्रदेशातील बहुसंख्य गावांना ही सोय नाही. तेथे प्रसूतिकक्षातील परिचारिकेचे कौशल्य आणि हाताशी असलेली साधने यांवरच सारी मदार असते. आरोग्य यंत्रणेला बळ देण्यासाठी राज्य शासन आणि गेट्स प्रतिष्ठान यांच्यातील करारातून २०१३ मध्ये लखनऊ येथे तांत्रिक साहाय्य कक्ष उभारण्यात आला. त्याखेरीज इतरही अनेक संस्था तेथे कार्यरत झाल्या.

अशा साहाय्याने नेमके काय साधते, याची कठोर परीक्षा २०१४ ते २०१६ या काळात याच राज्यातील २४ जिल्ह्यांत झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित प्रसूती तपासणी सूचीचा वापर वाढावा, यासाठी प्रशिक्षक परिचारिकांनी निवडक केंद्रांना आठ महिने नियमित भेटी दिल्या. या अभ्यासात बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाचाही सहभाग होता. दोन महिन्यांनंतर या केंद्रांत आवश्यक कृतींपैकी ७२.८ टक्के पार पडत होत्या. इतर केंद्रांत हे प्रमाण ४१.७ टक्के होते. भेटी थांबल्यानंतर, बाराव्या महिन्यात, ते ६१.७ टक्क्यांवर उतरले. याहून गंभीर बाब अशी की, सुमारे दीड लाख प्रसूतींच्या नोंदी तपासल्या असता माता व नवजात बालकांचे मृत्यू आणि मातांमधील गंभीर गुंतागुंत यांच्या एकत्रित प्रमाणात फरक आढळला नाही : १५.१ आणि १५.३ टक्के. हे निष्कर्ष डिसेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

सूची निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. मात्र रक्त, शस्त्रक्रियेची सोय किंवा वेळेवर मिळणारे वाहन सूचीतून निर्माण होत नाही. साहाय्य संस्थांचे अहवाल मात्र बहुधा भेटी आणि प्रशिक्षणांच्या संख्येनेच भरलेले असतात. (प्रशिक्षणवर्गांची छायाचित्रे काढणे सोपे असते, हेही खरे.)

गडचिरोलीचा अनुभव निराळा आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बालकांच्या जंतुसंसर्गावर घरीच उपचार करण्यास शिकविले. त्यांच्या हाती औषध दिले आणि कामावर सातत्याने देखरेख ठेवली. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ‘सर्च’ त्या भागात १९८६ पासून आहे. ही गोष्ट करारांच्या कालमर्यादेत बसत नाही. गृहभेटींची ही पद्धत २०११ मध्ये ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारण्यात आली.

तेव्हा साहाय्याचे करार करताना राज्यांनी दोन अटी घालावयास हव्यात. संस्था बाहेर पडल्यानंतर वर्षभराने मोजमाप व्हावे आणि त्याचा खर्च करारातच धरावा. तसेच मार्गदर्शक परिचारिकेचे पद प्रारंभापासूनच शासकीय आस्थापनेवर असावे, म्हणजे प्रकल्प संपला तरी प्रसूतिकक्षातील तिची फेरी चालू राहील.