गाडी कोणाला सांगते?

“ताई, मी इथे येते हे त्यांना कळतं कसं?” सदाशिव पेठेतल्या आमच्या सल्ला केंद्रात तिसऱ्यांदा आलेल्या बाईने हे विचारलं. आम्ही नेहमीप्रमाणे तिचा मोबाइल तपासला, सासरच्या कोणी पाहिलं का विचारलं. काहीच सापडेना. मग लक्षात आलं, ती गाडी टिळक रस्त्यावर लावून येत होती. गाडी नवऱ्याच्या नावावर, चालवायची ती. गाडी कुठे उभी आहे, किती वेगाने गेली, आखून दिलेल्या हद्दीबाहेर गेली का, हे सगळं नवऱ्याच्या फोनवर दिसत होतं. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासात मी घरभेट शिकले, केस लिहायला शिकले. बाईच्या गाडीची चौकशी करायला मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

मैत्रिणींनो, गाड्यांवर नजर हवी ही मागणी आपणच केली होती आणि ती चूक नव्हती. १ नोव्हेंबर २००७च्या रात्री पुण्यात बीपीओच्या रात्रपाळीला निघालेल्या तरुणीवर, तिला न्यायला आलेल्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने बलात्कार करून तिचा खून केला. २००९मध्ये कामावरून घरी निघालेल्या संगणक अभियंता बाईच्या बाबतीत पुन्हा तेच घडलं. २०१४मध्ये दिल्लीत ॲपवरून बोलावलेल्या टॅक्सीत बलात्कार झाला. पुढे १ जानेवारी २०१९पासून नव्याने नोंदणी होणाऱ्या प्रवासी वाहनांत ठिकाण कळवणारं यंत्र आणि आणीबाणीचं बटण सक्तीचं झालं. तीनचाकी त्यातून वगळल्या. (रिक्षाने कामावर जाणाऱ्या बायका कोणाच्या हिशेबात नव्हत्या!)

भाड्याच्या गाडीत ते यंत्र चालकावर लक्ष ठेवतं. तेच घरच्या गाडीत आलं की बायकोवर लक्ष ठेवतं. जाहिरातीत त्याला ‘कुटुंबाची सुरक्षितता’ म्हणतात. कंपनीच्या लेखी ज्याच्या नावाने खातं, तो ग्राहक. चालवणारी बाई तिच्या लेखी कोणीच नाही.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने २०२४मध्ये कायदा केला. हिंसाचार सोसणाऱ्या बाईने योग्य कागदपत्रांसह मागणी केली, तर छळ करणाऱ्याचा गाडीशी असलेला हा दूरचा संबंध कंपनीने दोन कामकाजी दिवसांत तोडायचा. आपल्याकडे असं काही नाही. पण २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १८खाली दंडाधिकारी संरक्षण आदेशात इतर कृत्यांनाही मनाई करू शकतात. गाडीवरून पाळत ठेवण्यास मनाई, हे शब्द आपण अर्जात लिहायला हवेत. पाठलागाच्या कलमात बाईच्या इंटरनेट, ई-मेलवर नजर ठेवणं गुन्हा आहे. गाडीचा उल्लेख नाही. वकील मैत्रिणींनी यावर डोकं लावावं.

आता विनाचालक गाड्यांचं कौतुक चाललंय. चालकच नाही तर भीती कसली, असं एक कार्यकर्तीच मला म्हणाली. १८ मार्च २०१८ला अमेरिकेत टेम्पी शहरात उबरच्या चाचणीतल्या अशा गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या बाईला ठार केलं. झेब्रा पट्ट्यांबाहेरही माणूस असू शकतो, हे त्या संगणकाला शिकवलंच नव्हतं. लक्ष्मी रस्त्यावर आपल्यापैकी कोण पट्ट्यांवरून जातं? आणि खटला कोणावर? देखरेखीला बसवलेल्या बाईवर. २०२३मध्ये तिला परिवीक्षेची शिक्षा झाली. कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही.

आमच्या केंद्रात आता पहिल्या भेटीतच विचारतो, गाडी कोणाच्या नावावर, ॲप कोणाच्या फोनमध्ये? ते लगेच बंद करायला मात्र सांगत नाही. बंद झालं की त्याला कळतं आणि मार बसतो. आधी बाईची राहायची सोय, कागदपत्रं, मुलांचे दाखले, मग ॲप.

ती बाई सध्या पीएमपीच्या बसने येते. गाडी सोसायटीत उभी असते.