आजीचा रिपोर्ट नुसता फॉरवर्ड करू नका!

घरातल्या ज्येष्ठांचे ब्लड रिपोर्ट हल्ली लॅबकडून व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. पीडीएफ उघडायचं काम अर्थातच आपलं. आपण शुगरचा आकडा बघतो, ‘आजी, सगळं नॉर्मल आहे गं’ म्हणतो आणि फॅमिली ग्रुपवर फाइल ढकलून मोकळे होतो. माझं म्हणणं एवढंच, की ती फाइल आणखी दोन मिनिटं उघडी ठेवा.

कारण स्ट्रोक, म्हणजे गावाकडे ज्याला ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात, तो बहुतेकदा अचानक येतो. पण त्याची तयारी वर्षानुवर्षं चाललेली असते. ती दिसते पाच आकड्यांत. कमरेचा घेर भारतीय पुरुषांत 90 आणि बायकांत 80 सेंटिमीटरच्या पुढे. बीपी 130/85 किंवा जास्त. उपाशीपोटी साखर 100 किंवा जास्त. ट्रायग्लिसराइड्स 150 किंवा जास्त. आणि एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, पुरुषांत 40 तर बायकांत 50 च्या खाली. यातले कोणतेही तीन जमले, की डॉक्टर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात.

गोची इथेच आहे. शुगर 108? ‘बॉर्डरलाइन आहे.’ वरचं बीपी 138? ‘वयानुसार असतंच.’ सुटा आकडा कुणालाच घाबरवत नाही. पण हे सगळे एकत्र आले की रक्तवाहिन्या आतून खराब होत जातात आणि स्ट्रोकचा धोका वाढतो. शिवाय बीपी आणि कमरेचा घेर लॅबच्या रिपोर्टमध्ये नसतातच. ते आपणच मोजायला हवेत.

त्यात सगळ्यात मोठा गुन्हेगार बीपी. ‘आता नॉर्मल आलंय, म्हणून गोळी बंद केली’ हे वाक्य किती घरांत ऐकू येतं! अहो आजोबा, ते नॉर्मल आलंय गोळीमुळेच!

‘आम्ही काय डॉक्टर आहोत का?’ नाही, आणि गूगल करून औषधं सुचवायचीही नाहीत. पण मागच्या दोन-तीन वर्षांचे आकडे एका कागदावर मांडून डॉक्टरांसमोर ठेवणं आपल्याला नक्की जमतं. ‘या वयात आता काय उपयोग?’ हाही गैरसमज. सत्तरीनंतरही बीपी आटोक्यात आणलं, तर स्ट्रोकचा धोका कमी होतो.

आणि तरीही कधी तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात लुळा पडला, बोलताना जीभ अडखळली, तर तेल चोळत बसू नका. घड्याळ बघा, 108 फिरवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी स्कॅनही करावा लागतो.

आपल्या प्रोजेक्टसाठी आपण रात्र-रात्र एक्सेल शीट भरतो. त्यातली एक शीट आजी-आजोबांच्या नावाने उघडायला काय हरकत आहे?