मनोरे उभे राहिले, सोपवणुकीचे काय?

दि. २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथे भारत संचार निगमच्या स्वदेशी ४-जी जाळ्याचे लोकार्पण पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. रेडिओ यंत्रणा तेजस नेटवर्क्सची, गाभा सी-डॉटचा आणि जुळणी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची. हे यश निःसंशय अभिमानास्पद आहे. परंतु मनोऱ्यांच्या संख्येवरून सेवेची गुणवत्ता ठरत नाही. एका सेलकडून दुसऱ्या सेलकडे चालू संभाषण सोपविले जाते, त्या क्षणी जाळ्याची खरी परीक्षा होते. यालाच हँडओव्हर म्हणतात.

मोठा सेल काही किलोमीटरचा टापू सांभाळतो. बाजारपेठेत वा स्थानकात गर्दी वाढली की त्याच्या छत्राखाली शे-दोनशे मीटरचे छोटे सेल बसविले जातात. २०२२ साली मार्गाधिकाराच्या नियमांत झालेल्या दुरुस्तीमुळे रस्त्यावरील खांबांवर ते बसविणे सुलभ झाले. त्यामुळे भार हलका होतो; पण सीमा वाढतात आणि प्रत्येक सीमेवर संभाषण तुटण्याचा धोका असतो.

ताशी ६० किलोमीटर वेगाची बस २०० मीटरचा सेल अवघ्या १२ सेकंदांत ओलांडते. तिच्यातील प्रवाशाला छोट्या सेलकडे सोपवावे, तोच परत घ्यावे लागते. उलट, जागेवर बसलेल्या दुकानदाराला मोठ्या सेलवरच ठेवले, तर छोटा सेल वाया जातो. म्हणून शेजारचा सेल किती डेसिबलने सरस असावा आणि ते सरसपण किती मिलिसेकंद टिकावे, हे आधी ठरवावे लागते. घाई केली तर फोन दोन सेलांमध्ये चेंडूसारखा टोलवला जातो; विलंब केला तर संभाषण तुटते.

हे आकडे परदेशी पुस्तकांतून जसेच्या तसे उचलून चालणार नाहीत. येथील अरुंद गल्ल्या आणि भर बाजारातून वाहणारी रहदारी यांत प्रत्यक्ष मोजमाप करूनच ते निश्चित झाले पाहिजेत. यंत्रणा स्वतःची असल्याने आज्ञावलीत असे बदल येथील अभियंते स्वतः करू शकतात. स्वदेशीचा हा लाभ पदरात पाडून घेतलाच पाहिजे. शिवाय, कॉल तुटण्याच्या सरासरीत फसलेली सोपवणूक झाकली जाते. तिचे आकडे सेलनिहाय व स्वतंत्रपणे प्रसिद्ध व्हावेत. नवा खांब उभारण्यापूर्वी जुन्या सीमेवरील संभाषणे का तुटतात, याचा जाब जनतेला मिळालाच पाहिजे.