पॉइंटर किती, आणि कोणाविरुद्ध?

हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आठवतात. पण मित्रांनो, आज मी लिहितोय ती हॉकी बर्फावरची, अमेरिकेतल्या कॉलेजांची. "आपला काय संबंध?" असं विचाराल. संबंध खेळाशी नसेल, पण त्यातल्या हिशेबाशी नक्की आहे. शिवाय तिथले इंजिनिअरिंगवाले नुसते टाळ्या वाजवायला बसत नाहीत. रेन्सेलर पॉलिटेक्निकने १९५४ आणि १९८५ साली, तर मिशिगन टेकने १९६२, १९६५ आणि १९७५ साली राष्ट्रीय विजेतेपद पटकावलंय.

तिथे प्रत्येक टीमच्या दोन वह्या असतात. पहिली लीगची. साठ मिनिटांत जिंकलात तर ३ पॉइंट, हरलात तर शून्य. बरोबरी झाली तर पाच मिनिटं जादा, आणि त्यात गोलकीपर सोडून तीन-तीनच खेळाडू. इथे जिंकणाऱ्याला २, हरणाऱ्याला १. तरीही बरोबरी सुटली नाही तर शूटआउट, वाटणी तीच. म्हणजे काहीही झालं तरी एका मॅचमध्ये ३ पॉइंटच वाटले जातात. आपल्या भाषेत, एनर्जी कॉन्झर्व्ह होते!

व्यावसायिक एनएचएलमध्ये असं नाही. तिथे जिंकणाऱ्याला नेहमी २, आणि जादा वेळेत हरणाऱ्यालाही १. म्हणजे कधी एकूण २ वाटायचे, कधी ३. मग शेवटच्या दहा मिनिटांत बरोबरी असेल तर धोका कोण पत्करेल? दोघांनाही मॅच रेटणं परवडतं. नियम जसा, तशी माणसं खेळतात.

दुसरी वही राष्ट्रीय स्पर्धेची. मुलांच्या स्पर्धेत १६ टीम. सहा लीगचे सहा विजेते थेट आत, बाकी दहा निवडायच्या. आता खरी पंचाईत. दुबळ्या लीगमध्ये वीस मॅच जिंकणारा मोठा, की तगड्या लीगमध्ये पंधरा जिंकणारा? नुसते पॉइंट मोजून हे कळणार नाही.

त्यासाठी बरीच वर्षं आरपीआय वापरत. (पक्ष नव्हे, रेटिंग्ज पर्सेंटेज इंडेक्स. रेन्सेलरलाही सगळे आरपीआयच म्हणतात, तो आणखी वेगळा!) त्यात स्वतःच्या जयपराजयाला वजन फक्त २५ टक्के. २१ टक्के प्रतिस्पर्ध्यांच्या कामगिरीला, आणि ५४ टक्के प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या कामगिरीला. थोडक्यात, तू किती जिंकलास यापेक्षा कोणाशी भिडलास हे जास्त महत्त्वाचं. गंमत म्हणजे शूटआउटमधला विजय लीगच्या वहीत २ पॉइंट देतो, पण राष्ट्रीय वहीत ती मॅच चक्क बरोबरीत धरतात. काहींना हा गोंधळ वाटतो. मला तो प्रामाणिकपणा वाटतो. प्रश्न वेगळा असेल तर वही वेगळी हवी.

फॉर्म्युला निर्दोष होता असंही नाही. फारच दुबळ्या टीमला हरवलं की जिंकूनही इंडेक्स खाली यायचा! मग असे विजय हिशेबातून वगळायचं ठरलं. पुढे घरच्या रिंकवरच्या विजयाला वजन कमी आणि बाहेरच्याला जास्त, अशीही दुरुस्ती झाली. आणि २०२५-२६ च्या सीझनपासून जुनी पद्धत जाऊन एनपीआय आली. त्यात प्रतिस्पर्ध्याची ताकद त्याच्याच एनपीआयवरून ठरते, त्याचा एनपीआय पुन्हा त्याच्या प्रतिस्पर्ध्यांवरून. उत्तर स्थिर होईपर्यंत गणित फिरवत राहायचं. गाउस-सायडेल "परीक्षेपुरतं" पाठ करणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, ही पद्धत कोणाचं तरी वर्षभराचं भवितव्य ठरवते.

आता आपल्या हॉस्टेलकडे वळू. आपल्याकडे एकच वही, पॉइंटर. इलेक्टिव्ह निवडायच्या रात्री रूमरूममधून एकच प्रश्न घुमतो, "स्कोअरिंग कुठला?" विषय आवडतो का, हे कोणी विचारत नाही. जो मुलगा मुद्दाम अवघड विषय घेतो, त्याचा पॉइंटर घसरतो आणि कंपनीच्या कट-ऑफला तो बाहेर बसतो. सोपे विषय वेचणारा आत. दोष त्या मुलाचा नाही आणि वेचणाऱ्याचाही नाही. एनएचएलसारखंच आहे हे. हिशेब जे मागतो, तेच आपण देतो.

माझं म्हणणं एवढंच. पॉइंटर राहू द्या, पण शेजारी दुसरी वही उघडा. प्रत्येक विषयाच्या ग्रेडपुढे त्या वर्गाची सरासरी छापा. एका आकड्याची तर भर! पहिल्या वर्षी त्यातही चुका निघतील. निघू देत, दुरुस्त करू. फॉर्म्युला चुकतो म्हणून त्यांनी मोजणं सोडलं नाही, मोजायची पद्धत सुधारली.

आपण तर इंजिनिअर होणार आहोत. एवढं आपल्याला जमायला हवं.