पेराग्वेची शिरगणती

दक्षिण अमेरिकेच्या मध्यभागी, समुद्रापासून दूर पडलेला पेराग्वे हा देश आपल्या वर्तमानपत्रांतून क्वचितच डोकावतो. महाराष्ट्राहून सुमारे एक लाख चौरस किलोमीटरने मोठा असा हा मुलूख; पण वस्ती अगदी विरळ. सन २०२२ मध्ये तेथे शिरगणती झाली. आधीच्या अंदाजाप्रमाणे लोकसंख्या पाऊण कोटीच्या घरात असावयास हवी होती. मोजली तेव्हा भरली ६१ लाख. बारा लाखांवर माणसे नुसती कागदावरच वाढत राहिली होती! २०१२ ची मोजणी अपुरी झाली होती, हे एक; घरोघरी मुले कमी होऊ लागली आहेत, हे दुसरे; आणि पोटासाठी देश सोडणाऱ्यांची रीघ थांबलेली नाही, हे तिसरे. एकट्या अर्जेंटिनात पेराग्वेत जन्मलेली पाच लाखांहून अधिक माणसे राहतात.

या देशाचे आणि आकड्यांचे कधी जमलेच नाही. १८६४ ते १८७० या काळात ब्राझील, अर्जेंटिना आणि उरुग्वे या तिघांशी पेराग्वे एकटा लढला व पुरता चिरडला गेला. युद्धापूर्वी तेथे तेरा लाख लोक होते, असे पुष्कळ दिवस सांगितले जात असे. तो आकडा फुगवलेला होता हे आता मान्य झाले आहे. खरी वस्ती त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतकी असावी. त्यांतून किती मेले यावर इतिहासकारांत अजून वाद आहे. कोणी निम्म्याहून कितीतरी अधिक म्हणतो, कोणी एक पंचमांशाच्या आतच थांबतो. मात्र शेवटी शेवटी कोवळी पोरेही लढाईत उभी केली गेली आणि युद्धानंतर कित्येक गावांत पुरुष औषधालाही उरला नव्हता, याबद्दल दुमत नाही. देश पुन्हा वसवला तो बायांनी. शेत त्यांनी नांगरले, मुले त्यांनी वाढवली, आणि मुलांशी त्या बोलल्या गुआरानी भाषेत.

ही गुआरानी म्हणजे तेथील मूळच्या रहिवाशांची भाषा. दक्षिण अमेरिकेतील इतर देशांत मूळ लोकांच्या भाषा मुख्यतः त्या त्या जमातींपुरत्या राहिल्या. पेराग्वेत मात्र मिश्र रक्ताची, स्वतःला मूळनिवासी न म्हणवणारी बहुसंख्य जनता ती बोलते. आजही दर चौघांत सुमारे तिघांना ती येते. प्रवासी लोक याचे फार गोड वर्णन करतात: स्पॅनिश शिपाई आले, गुआरानी मुलींशी त्यांची लग्ने झाली आणि प्रेमातून नवे राष्ट्र जन्मले. हे गोडवे मला पटत नाहीत. १५३७ साली असुन्सिओन वसले तेव्हा सोने न सापडलेल्या त्या शिपायांना हवे होते ते राबणारे हात. काही बायका सोयरिकीने आल्या हे खरे. पण पुष्कळजणी धाडी घालून आणल्या आणि गुराढोरांसारख्या हातोहात दिल्या-घेतल्या. १८१४ साली फ्रान्सियाच्या राजवटीने तर फर्मानच काढले की, युरोपियन पुरुषाने गोऱ्या बाईशी लग्न लावू नये. त्याचा हेतू बड्या स्पॅनिश घराण्यांचा कणा मोडण्याचा होता. भाषेवरील ममतेशी त्याचा काही संबंध नव्हता. भाषा टिकली ती चुलीपाशी. दिवाणखान्यात तिला कोणी विचारत नव्हते.

पुढे चाको युद्धात (१९३२-३५) शत्रूला कळू नये म्हणून सैन्याने हीच भाषा वापरली. युद्ध संपल्यावर शाळेत ती बोलणाऱ्या पोरांना पुन्हा छड्या बसल्याच. १९९२ च्या राज्यघटनेने गुआरानीला स्पॅनिशच्या बरोबरीने राजभाषा केले. नवल असे की, शिक्षा होत असताना जी हटली नाही ती मान मिळाल्यावर शहरांतून हटू लागली आहे. याला कारण आयाच आहेत, आणि त्यांना दोष देववत नाही. खेड्यातून असुन्सिओनला आलेली बाई नवऱ्याशी गुआरानीत भांडते आणि मुलाशी स्पॅनिशमध्ये बोलते. मुलाने आपल्यासारखी धुणीभांडी करू नयेत, एवढीच तिची इच्छा असते. पंडितांनी त्यात भर घातली. शाळेच्या पुस्तकांसाठी त्यांनी अशी शुद्ध, नवनव्या शब्दांची गुआरानी घडवली की घरी ती बोलणारे मूलही वर्गात गोंधळून जावे.

लोक बोलतात त्या स्पॅनिशमिश्रित भाषेला तेथे ‘जोपारा’ म्हणतात. हे एका पदार्थाचेही नाव आहे: मका आणि घेवड्याच्या जातीचे दाणे एकत्र शिजवून केलेला रस्सा. वर्षभर टंचाई पडू नये म्हणून १ ऑक्टोबरला तो घरोघर खातात. थोडक्यात, मिसळच! बडोद्यात गुजरातीचा आणि इंदूर-ग्वाल्हेरीत हिंदीचा हात धरून चालणारी आपली मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे नाक मुरडतात, हे आपल्या चांगले परिचयाचे आहे. जोपाराला भ्रष्ट म्हणणारे पंडित आणि हे पाहुणे यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. असली मिसळ खाऊनच भाषा दुष्काळ काढीत असते.

पण खरी बोच निराळीच आहे. गुआरानी ही साऱ्या राष्ट्राच्या अभिमानाची वस्तू झाली. ज्यांच्या पूर्वजांची ती भाषा त्यांचे काय? १८४८ साली सरकारने २१ गावांतील मूळनिवाशांना एका हुकुमाने नागरिक ठरवले आणि त्यांची सामाईक जमीन व गुरे खालसा केली. त्या दिवसापासून ते लोक कागदोपत्री केवळ ‘पेराग्वेवासी’ झाले. आज शिरगणतीत मूळनिवासी म्हणून नोंदलेले लोक सुमारे १ लाख ४० हजार आहेत, म्हणजे शेकडा अडीचही नव्हेत. त्यांच्या १९ जमाती आहेत आणि त्यांतल्या काहीच गुआरानी कुळातल्या. १९८२ साली इताइपूच्या धरणाचे पाणी चढले तेव्हा आवा गुआरानींच्या वस्त्या उठल्या. पूर्वेकडची जंगले तोडून सोयाबीन पेरले गेले, तेव्हा आणखी कित्येकांचा आसरा गेला. चाकोत देशाची साठ टक्के जमीन आणि शेकडा तीनच्या आसपास माणसे. तिथे १९२७ पासून येऊन वसलेले जर्मनभाषी मेनोनाइट आज दुधा-मांसाच्या धंद्यात गबर आहेत. गुआरानी कुळातली म्ब्या कुटुंबे मात्र असुन्सिओनच्या चौकांत सिग्नलपाशी हात पसरताना दिसतात. मोटारीची काच खाली करून त्यांना ‘नाही’ म्हणणारा साहेब तो नकारही बहुधा गुआरानीतच देत असेल.